माझे आठ सूर

सोमवार, ४ जून १९६२

डॉक्टर म्हणाले, रक्तदाबाची गोळी घेतली की लगेच लिहून ठेवत जा, म्हणजे एकाच दिवशी दोनदा घेतली जाणार नाही. मी काय म्हातारी झाले का? एकोणसाठ म्हणजे काही वय नाही. पण लिहिते. कोपऱ्यावरच्या अंत्यविधीवाल्यांनी नाताळात फुकट वाटलेली डायरी पडून होती, तीच काढली. प्रत्येक पानाच्या तळाशी छापलंय, 'शेवटच्या प्रवासात आम्ही आपल्यासोबत.' छान.

गोळी घेतली. सकाळी आठ.

पण गोळीनं होणार काय? रक्तदाब वाढवणारं कारण घरातच राहतं आणि माझ्याच हातचं जेवतं. व्हर्डी. माझ्या बहिणीची मुलगी. ही सहा वर्षांची असताना बहीण गेली, तेव्हापासून मीच वाढवलं. आता एकवीस. दुपारी दोनपर्यंत लॉन्ड्रीत शर्टांना इस्त्री करते आणि रविवारी आमच्या न्यू कनान चर्चमध्ये चार जणींच्या मेळ्यात पुढे उभी राहून गाते. पियानोवर मी. एकतीस वर्षं त्या बाकावर दुसरं कुणी बसलेलं नाही.

आज येऊन म्हणते, एका रेकॉर्ड कंपनीवाल्यानं ईस्टरला तिचं गाणं ऐकलं आणि त्याला ती एकटीच हवी आहे. बाकीच्या तिघी नकोत. देवाची गाणीही नकोत. प्रेमाबिमाची.

"आणि पियानो कोण वाजवणार?" मी आपलं सहज विचारलं.

"तू."

"मी? मी कशाला मरायला येऊ असल्या ठिकाणी?"

"तुझ्याशिवाय मला सूर सापडत नाही गं, मावशी."

लाडीगोडी. लहानपणी मुरंब्याची बरणी हवी असली की असंच बोलायची. मी जाणार आहे ती फक्त तिच्यावर लक्ष ठेवायला.

उजव्या हाताची दोन बोटं आखडली आहेत. नदीवरून दमट वारा सुटलाय, त्याचंच असणार.

मंगळवार, १२ जून

गोळी घेतली. अजून एक घ्यावीशी वाटते आहे.

स्टुडिओ म्हणजे बंद पडलेलं बुटांचं दुकान. अजून पॉलिशचा वास येतो. भिंतींना घोट्याच्या उंचीवर आरसे आहेत, त्यामुळे जिकडे बघावं तिकडे आपलेच पाय. मालक मिस्टर हॅस्क्यू, गोरे, पन्नाशीचे. आधी फ्रिज विकायचे. अजूनही समोरच्याला फ्रिज गळ्यात मारत असल्यासारखेच बोलतात. ड्रमवर वेंडेल टेट. हा आपल्यातला, काळा, बरा माणूस, बोलतो कमी. गाणंही त्यानंच लिहिलंय. नाव काय, तर 'येतोस का जाऊ मी?' चांगल्या घरच्या मुलीनं विचारायचा प्रश्न आहे का हा?

आत पाऊल टाकलं तोच हॅस्क्यू म्हणाले, "लोव्हेला, तू तिकडे पियानोपाशी बस."

मला त्याचं काही वाटत नाही. मेम्फिसमध्ये जन्म काढलाय, गोरे आम्हाला असंच नुसत्या नावानं हाक मारतात. पण आमची राणीसरकार दारातच थांबली.

"मिसेस गेन्स," ती म्हणाली. "आणि 'तुम्ही'. 'मिसेस गेन्स, तुम्ही इथे बसा.' असं."

वेंडेलनं ड्रमचा एक स्क्रू पिळायला घेतला, जो आधीच घट्ट होता. हॅस्क्यू लालबुंद झाले. मग कान खाजवत म्हणाले, "मिसेस गेन्स. तुम्ही इथे बसा." त्यानंतर संध्याकाळपर्यंत प्रत्येक 'तुम्ही' त्यांच्या घशात माशाच्या काट्यासारखा अडकत होता. पहिल्याच दिवशी कुणी असं तोंड उघडतं का? मला तर जमिनीत शिरावंसं वाटलं, पण जमिनीलगत आरसे.

आता गाण्याचं. चाल चांगली आहे, उडती. 'येतोस का' आणि 'जाऊ मी' ह्यांच्या मध्ये एक जागा आहे. तिथे मी आठ सूर घातलेत, उजव्या हातानं वरून खाली धावत येणारे, जिन्यावरून मणी सांडावेत तसे. घरी बसून मीच रचले. वेंडेलला फार आवडले.

वाजवायला घेतलं. वेंडेलनं दिलेल्या लयीत मी सुरुवात केली, आणि ही बया उशिरा आली. दुसऱ्या खेपेला आणखी उशिरा. सातव्या खेपेपर्यंत गाणं भर उन्हात नांगराला जुंपलेल्या खेचरासारखं चालायला लागलं होतं. ती मागे ओढणार, म्हणून मी थांबणार, म्हणून वेंडेल थांबणार. आणि कहर म्हणजे माझ्या आठ सुरांच्या जागेवर हिनं स्वतःचाच हुंकार पसरून ठेवला. ओऽऽऽ. शब्द नाही, अर्थ नाही. मी बोटं टेकवते न टेकवते तोच, ओऽऽऽ.

"व्हर्डी, ती जागा पियानोची आहे."

"हो मावशी."

पुढच्या खेपेला पुन्हा ओऽऽऽ. पालथ्या घड्यावर पाणी.

समोरच्या गोऱ्यांच्या खाणावळीत आम्हाला बसू देत नाहीत, म्हणून हॅस्क्यूच जाऊन सगळ्यांसाठी पिशव्या घेऊन आले. तळलेला मासा बरा होता. तिखट सॉस विसरले.

बुधवार, १३ जून

गोळी घेतली.

आजकाल ही पोरगी मला काही करूच देत नाही. सकाळी पाठीची बटणं लावायला आली. मी म्हटलं, मी काय बाळ आहे का? "हलू नकोस, उशीर होतोय," म्हणाली. बटणंही हल्ली किती बारकी करतात, घरंही घट्ट.

गुरुवार, २१ जून

एक गाणं, तेवीस खेपा.

नवव्या खेपेनंतर हॅस्क्यूंनी तिला रेकॉर्डिंगच्या यंत्राच्या खोलीत बोलावलं. दार नीट लागत नाही, त्यामुळे मला सगळं ऐकू आलं.

"हे बघ, मिसेस गेन्स चांगल्या आहेत. पण बील स्ट्रीटच्या क्लबात एकजण वाजवतो, रिग्ज म्हणून. निव्वळ एकदा बघू या."

"मग गाणारीही क्लबातलीच आणा," व्हर्डी म्हणाली.

"अगं, मी तुझ्या भल्यासाठी सांगतोय."

"माझं भलं पियानोवर बसलंय. तिला घेऊन जाऊ का घरी?"

वाहवा! गाणारी लय चुकवते आणि बोल पियानोला. वर ही मला ढाल करून उभी. मी कुठे सांगितलं होतं माझ्यासाठी भांड म्हणून? बाहेर आली तर चेहऱ्यावर काहीच नाही. "मावशी, पाणी पितेस?"

तेविसाव्या खेपेला गाणं इतकं सावकाश झालं की मधल्या मधल्या जागांत झोप काढता आली असती. ती ओळ चारदा येते, चारही ठिकाणी हिचा ओऽऽऽ. माझे आठ सूर कुठे गेले, देव जाणे. संपल्यावर वेंडेलनं काठ्या खाली ठेवल्या आणि टॉवेलमध्ये तोंड घालून बसला. दमला होता बिचारा. हॅस्क्यू काचेपलीकडून नुसतेच बघत होते. मग म्हणाले, "हेच." कंटाळूनच म्हणाले असणार.

रविवार, २४ जून

गोळी घेतली. चहाचा कप फुटला, आईच्या सेटमधला. साबणाचा हात होता.

उपासनेनंतर पास्टर ओग्ल्सबी जवळ आले. "सिस्टर लोव्हेला, हल्ली आपली गाणी जरा लांबताहेत, नाही?"

मी म्हटलं, "पास्टर, प्रवचनांचं काय?"

हसले. पण खरंच सांगते, लोकांना हल्ली धीर उरलेला नाही. देवाच्या घरी आले तरी एक डोळा घड्याळावर आणि दुसरा घरच्या कोंबडीवर. व्हर्डीला तर स्टुडिओतली खोड लागलीच आहे. आज चर्चमध्येसुद्धा मागे ओढत होती आणि तिच्यामागे अख्खा मेळा.

बुधवार, १८ जुलै

रेकॉर्ड आली. पिवळं लेबल, त्यावर 'व्हर्डी प्रुइट'. एकटीचं नाव. ती मला वाचून दाखवत होती, जणू मला वाचता येत नाही. मग माझ्या मांडीवर ठेवून म्हणाली, "तुझी आहे."

"तुझं नाव आहे वर."

"असू दे."

लावून ऐकली. दोन मिनिटं पन्नास सेकंद मला एकच गोष्ट ऐकू आली. ओऽऽऽ. बहीण असती तर काय म्हणाली असती? बहुतेक रडली असती. ती कशालाही रडायची.

शनिवार, ४ ऑगस्ट

गोळी घ्यायची राहिली, आता घेतली.

केस करायला मिसेस टॉलिव्हरच्या पार्लरमध्ये गेले. तासाभरात रेडिओवर ते गाणं तीनदा लागलं. तिसऱ्यांदा लागलं तेव्हा डोक्यावर केस वाळवायचा गरम टोप घालून बसलेल्या सगळ्या बायका एकदम ओऽऽऽ करायला लागल्या. शब्द एकीलाही येत नाहीत. नेमकी तेवढी घाणच पाठ!

टॉलिव्हरबाईंनी माझ्या मानेवरचा कंगवा थांबवला. "लोव्हेला, ती तिथे थांबते ना, तेव्हा माझा नवरा गेला त्या दिवसाची आठवण येते बघ."

मी म्हटलं, "ती थांबत नाही, ती उशीर करते."

त्यांनी आरशातून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "आज नखंही करून देते, हात इकडे आण." त्यांनी माझी बोटं एकेक करून इतक्या हलक्या हातानं धरली की मला राग आला. अंडी आहेत का ती?

रविवार, १२ ऑगस्ट

लिहायला हात धजत नाही. तरी लिहिते.

पास्टर आज घरी आले. टोपी गुडघ्यावर ठेवली. म्हणाले, "सिस्टर लोव्हेला, आता तुम्हाला बाहेरचंही काम आहे. एकतीस वर्षं झाली. थोडे दिवस विसावा घ्या. टॉलिव्हरबाईंची थोरली मुलगी सांभाळेल पियानो."

"थोडे दिवस म्हणजे किती?"

त्यांनी टोपी फिरवली. "बघू या ना."

बाहेरचं काम! म्हणजे रेकॉर्ड. तोंडानं म्हणाले नाहीत एवढंच. देवाच्या पियानोला 'येतोस का जाऊ मी' वाजवणारे हात चालत नाहीत. ह्याच हातांनी त्यांच्या लग्नात वाजवलं होतं, त्यांच्या मुलांच्या बाप्तिस्म्यात वाजवलं होतं.

मी त्यांना केक दिला नाही. झाकून ठेवला होता, झाकलेलाच ठेवला.

सोमवार, १३ ऑगस्ट

व्हर्डी लॉन्ड्रीतून आली आणि मी एप्रन सोडायच्या आतच सुरू झाले.

"झालं समाधान? तुझ्या त्या हुंकारापायी माझा बाक गेला. एकतीस वर्षांचा."

ती उभीच राहिली. "कोण म्हणालं?"

"पास्टर. आणखी कोण?"

"ते म्हणाले, रेकॉर्डमुळे?"

"मग दुसरं काय कारण असणार?"

तिनं तोंड उघडलं. मी वाटच बघत होते, तिनं एक बोलावं आणि मी दहा बोलावीत. पण तिनं तोंड मिटलं. खाली बघून म्हणाली, "हो मावशी. माझ्यामुळेच झालं. माफ कर."

भांडायला सुद्धा येत नाही हिला. ओट्यावर पीचची बरणी होती, सकाळपासून उघडत नव्हती. ती तिनं उघडली, झाकण बाजूला ठेवलं आणि आपल्या खोलीत गेली.

सगळे पीच मी एकटीनं खाल्ले.

मंगळवार, २८ ऑगस्ट

गोळी घेतली.

दुसरी रेकॉर्ड करायची आहे. पहिली नॅशव्हिलपर्यंत वाजते आहे म्हणे. नवं गाणं 'रविवारचे कपडे'. ह्यातही मी आठ सुरांची एक जागा केली आहे, आधीपेक्षा सुबक. बाकावरून उठवलं तरी माझं डोकं कुणी काढून घेतलेलं नाही.

अकरा खेपा. एकही धड नाही. आज तर तिनं गाणं इतकं ओढलं की दोनदा चक्क थांबलं. पुन्हा तेच. माझ्या जागेवर हिचा ओऽऽऽ. मी पियानोचं झाकण आपटलं. "तुला कसली घाई नाही ते कळलं, पण मला आहे! ड्रमकडे लक्ष दे. वेंडेल तिथे शोभेला बसवलाय का?"

ती म्हणाली, "हो मावशी," आणि बाहेर पायरीवर जाऊन बसली.

वेंडेल माझ्याजवळ आला. "सिस्टर गेन्स, एक बोलू? रागावणार नसाल तर."

"रागावलेलीच आहे. बोल."

"ती माझ्याकडे बघतच नाही. लय मी देतो, पण ती बघते तुमच्या उजव्या हाताकडे. पहिल्या दिवसापासून. पापणीसुद्धा हलवत नाही."

"माझ्या हाताकडे कशाला बघायचं? भरवसा नाही का माझ्यावर?"

वेंडेलनं बराच वेळ काठ्या एकमेकींवर घासल्या. "तसं नाही," म्हणाला, आणि ड्रमपाशी गेला. ह्या लोकांना एक वाक्य पुरं करता येत नाही.

गुरुवार, ६ सप्टेंबर

आज चर्चच्या कचेरीत जाऊन पास्टरना विचारायचंच ठरवलं. गेले.

"पास्टर, त्या रेकॉर्डमध्ये पाप काय आहे ते मला एकदा सांगा. मुलगी विचारते आहे, येतोस का. तो येत नाही, म्हणून जाते. ह्यापेक्षा शहाणपणाची गोष्ट कुठल्या प्रवचनात आहे?"

ते बुचकळ्यात पडले. "रेकॉर्ड? सिस्टर लोव्हेला, आमच्या घरी दोन आहेत. पहिली बायकोनं झिजवली."

"मग मला बाकावरून का उठवलंत?"

मी रुमाल काढायला पर्स उघडू लागले होते. पर्सची कडी सुटेना. ते माझ्या हातांकडे बघत राहिले. मग उठले, टेबलाला वळसा घालून आले आणि कडी त्यांनी उघडून दिली.

मी रुमाल न घेताच निघाले.

घरी येऊन जुन्या पियानोवर बसले. ते आठ सूर वाजवले. बरोबर वाजले. दहादा वाजवले, दहाही वेळा बरोबर. आठच्या आठ ऐकू आले मला.

सोमवार, १० सप्टेंबर

चार रात्री विचार केला. मग पुरावाच मागायचं ठरवलं.

व्हर्डी लॉन्ड्रीत असताना एकटी स्टुडिओत गेले. हॅस्क्यूंना म्हटलं, "पहिल्या दिवसाची टेप लावा. मला एकदाच सगळ्यांना ऐकवायचंय, की मी वेळेवर आहे आणि ती मुलगी उशिरा येते."

"जाऊ द्या ना, मिसेस गेन्स." आता 'तुम्ही' त्यांना नीट म्हणता येतं.

"लावा म्हणते ना."

त्यांनी कपाटातून डबा काढला. दोनदा टेप हातातून निसटली. सुरुवातीला गाणं नव्हतं. माइक लावताना त्यांनी मला एकटीला वाजवायला सांगितलं होतं, ते होतं. मी विसरूनच गेले होते.

कुणीतरी पियानो वाजवत होतं. मला वाटलं, हे कोण? एखादी शिकाऊ विद्यार्थिनी असावी. डावा हात बरा होता. उजवा हात जिन्यावरून उतरायला लागला आणि मधल्या पायऱ्याच गायब. आठांच्या जागी पाच. पुन्हा. चार. एक सूर शेजारच्या पट्टीवर पडला, मग थांबला, मग घाबरल्यासारखा खाली पळाला.

मी म्हटलं, "हे मी नाही."

हॅस्क्यूंनी यंत्राकडे बघत मान हलवली. हो म्हणून का नाही म्हणून, कळलं नाही.

मग पहिली खेप. 'येतोस का' म्हणून ती थांबते. पियानो अडखळतो. ती वाट बघते. पियानो कुठल्या तरी सुरावर येऊन टेकतो, आणि मग ती आत येते, अगदी त्याच सुराला धरून, जणू तोच हवा होता. दुसरी खेप. पाचवी. सातव्या खेपेला ती वाट बघत नाही. मी अडखळायच्या आतच ती ओऽऽऽ सुरू करते. भोक पडायच्या आधीच ठिगळ.

मी म्हणत होते, ती उशिरा येते. ती मी पोचेपर्यंत थांबत होती.

हॅस्क्यूंनी यंत्र बंद केलं. "मिसेस गेन्स, बाहेर फार ऊन आहे. गाडीनं सोडू का?"

"मी चालत आले, चालतच जाईन," मी म्हटलं. "आणि तुमच्या त्या रिग्जला बोलवा."

घरी पोचेस्तोवर संताप संताप झाला. सांगता येत नव्हतं का तिला? तोंड नाही का? मी ह्या मुलीचं नाक पुसलंय, वेण्या घातल्यात, आणि आज ही मला सांभाळून घेणार? माझ्याशी भांडायचं नाही, शिव्या खायच्या, चर्चचा दोषही स्वतःवर घ्यायचा. कुणी शिकवलं हिला असलं? मी तर नाही.

गोळी घेतली की नाही, आठवत नाही.

मंगळवार, ११ सप्टेंबर

जेवताना सांगून टाकलं. "हे बघ, मला आता स्टुडिओत यायला जमणार नाही. पास्टरांची चूक त्यांच्या लक्षात आली. लहान मुलांचा मेळा मला शिकवायला दिलाय. रोज दुपारी."

तिनं काटा खाली ठेवला. "रोज?"

"रोज. मुलं ढ आहेत."

"खरंच, मावशी?"

"मी कधी खोटं बोलते का?"

ती माझ्याकडे बघत राहिली. मी ताटातले मटार संपवण्यात गुंतले होते. "नाही मावशी," ती म्हणाली. "तू कधीच नाही."

मग न्हाणीघरात गेली आणि नळ सोडला. अर्धा तास. आंघोळ तर सकाळीच झाली होती. एवढं पाणी हिला कशाला लागतं, कोण जाणे.

माझं तिनं खरं मानलं, हे एक बरं झालं.

गुरुवार, २० सप्टेंबर

गोळी घेतली, दोन वाजता, स्टुडिओत जाण्यापूर्वी.

जायचं नव्हतं. पण क्लबात वाजवणारा परका माणूस, त्याच्यासमोर मुलगी एकटी कशी पाठवायची? व्हर्डीनं विचारलंसुद्धा नाही, की मुलांच्या मेळ्याचं काय. मी आपली यंत्राच्या खोलीत हॅस्क्यूंच्या शेजारी बसले. पर्स मांडीवर.

रिग्ज चाळिशीचा, बारीक मिशीवाला, नम्र. बोटं तेल घातल्यासारखी. 'रविवारचे कपडे' त्यानं एकदा कागदावर बघितलं आणि सुरू केलं, वेंडेलच्या मूळ लयीत, दुडक्या चालीत. व्हर्डी ठेक्यावर आली. अगदी ठेक्यावर. एक केसभर पुढे नाही, मागे नाही. माझे आठ सूर आले. आठच्या आठ, शिवाय त्याच्या पदरचे चार. पहिल्याच खेपेत गाणं पुरं. दोन मिनिटं दहा सेकंद.

हॅस्क्यूंनी खुर्चीवरच उडी मारली. "झालं! एका खेपेत!"

म्हणजे हे तिला येत होतं. जूनपासून येत होतं.

टेप पुन्हा लावली. सगळे माना हलवत होते. मला मात्र खुर्ची टोचायला लागली. गाणं इस्त्री केलेल्या शर्टासारखं होतं, कॉलर कडक, एक सुरकुती नाही, आणि आत माणूसच नाही. त्या जागेपाशी आली की ती तोंड मिटून उभी राहत होती आणि रिग्जचे बारा सूर तिच्या अंगावरून वाहून जात होते. काचेतून तिचा चेहरा दिसत होता. शहाण्या मुलीसारखी उभी होती, हात मागे बांधून. कुणी शाळेत उभं करावं तशी.

मला राहवेना. दार ढकललं.

"मिस्टर रिग्ज, सरका जरा."

"बसा ना, मॅडम."

"वाजवायला नाही. तुम्हीच वाजवा." मी बाकावर त्याच्या शेजारी बसले. "'कपडे' शब्द झाला की हात उचलायचा."

"आणि ते आठ सूर? फार सुंदर आहेत ते. कागदावर लिहिलेत की."

"मीच लिहिलेत. चुकीचे आहेत."

"पण मॅडम, तिथे रिकामं ठेवलं तर लोकांना वाटेल, मी विसरलो."

"वाटू दे. मला तीन महिने वाटत होतं की ती चुकते, म्हणून कुणी मेलं का? आणि वेंडेल, तू! एवढी घाई कसली? आग लागली आहे का कुठे?"

वेंडेल हसला. मी त्याला हसताना आजवर बघितलं नव्हतं. एक दात सोन्याचा आहे.

व्हर्डी माइकपाशी तशीच उभी. "मावशी," ती हळूच म्हणाली, "ती जागा पियानोची आहे ना?"

"तोंड वर करून बोलू नकोस," मी म्हटलं. "गा."

वेंडेलनं सावकाश लय धरली. रिग्जनं वाजवायला घेतलं. चांगला वाजवतो, खोटं कशाला बोलू. 'रविवारचे कपडे' आलं, आणि त्याची बोटं सवयीनं खाली निघाली. मी त्याचं मनगट धरलं. उजव्याच हातानं. त्याला सोडवून घ्यायचं असतं तर सहज घेता आलं असतं, पण त्यानं हात तसाच राहू दिला.

आणि तिनं सुरू केलं. ओऽऽऽ.

मी मोजत होते. आठ सुरांची जागा, एक, दोन, तीन, चार. आठ झाले. ती थांबेना. बारा झाले. आवाज वर गेला, तिथे जरा चिरला, तिनं तो तसाच चिरलेला धरून ठेवला. ही मुलगी मला वेड लावणार आहे. किती वेळ? गाण्याला शेवट असतो की नाही? वेंडेल नुसतं एका काठीनं टकटक करत वाट बघत होता. काचेपलीकडे टेप संपत आल्याच्या खुणा करत हॅस्क्यू दोन्ही हात हलवत होते.

हलवू देत. मी रिग्जचं मनगट सोडलं नाही.